न मागितलेली सतरंजी

मंगला भोये आमच्या विरंगुळा केंद्राची व्यवस्थापक होती तेव्हा मी तिच्यावर जळत होते, हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगितलं तर मधल्या काळात तुमचा उगाच माझ्याबद्दल चांगला ग्रह व्हायचा. आता ती दुसऱ्या गावच्या मोठ्या केंद्रात गेली आहे. तिचं नाव निघालं की आमच्या कॉलनीतली माणसं हळवी होतात आणि मग चोरून माझ्याकडे बघतात. बघोत. मलाही ती आठवते, आणि त्यांच्यापेक्षा जास्त आठवते, हा मानही मी कुणाला सोडणार नाही.

केंद्र म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. नाशिक रोडला आमच्या कॉलनीच्या मागे एक हॉल, एक ऑफिसची खोली, पुढे फरशी घातलेलं अंगण आणि कडेला दोन कडुनिंब. कॉलनीतल्याच एका मंडळाने ते उभारलं आणि शाळेतून निवृत्त झाल्यावर मी अकरा वर्षं त्याची मानद सचिव होते. 'हिवाळी उपक्रम' हे नावसुद्धा माझंच. एक व्याख्यान, एक भावगीतांची संध्याकाळ, एक पाककृती स्पर्धा. छापील पत्रिका, समई, पाहुण्यांना शाल, आलेल्यांना चहा आणि दोन बिस्किटं. गर्दी बेताची असायची. पुढच्या दोन रांगा भरायच्या आणि मागे खुर्च्याच खुर्च्या. मी म्हणायचे, दर्दी मंडळी येतात. आमचे हे म्हणायचे, "दर्दी नाही गं, ज्यांना तुला नाही म्हणता येत नाही ती येतात." हे मनमाडला रेल्वेत होते. तीस वर्षं रोज गाडीने जाऊन-येऊन केल्यामुळे यांना माणसं पटकन कळतात आणि जिभेला हाड राहिलेलं नाही.

मग मंडळाने ठरवलं की आता पगारी, पूर्णवेळ माणूस ठेवायचा. अध्यक्ष पाटणकर स्वतः घरी आले. म्हणाले, "बाई, तुम्ही आणखी किती राबणार? गुडघे सांभाळा." माझ्या गुडघ्यांची एवढी काळजी माझ्या मुलालाही कधी वाटलेली नाही. नव्या बाईला संक्रांतीपर्यंत बघायचं, जमलं तर कायम करायचं, असं ठरलं होतं. मी गोड हसून संमती दिली आणि ते गेल्यावर त्यांच्या कपात उरलेला चहा जरा जोरातच मोरीत ओतला.

तुळशीची लग्नं लागली त्या आठवड्यात मंगला आली. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची. त्याआधी नऊ वर्षं पेठला मुलींचं वसतिगृह सांभाळलेलं. सदतीस-अडतीस वय, ठेंगणी, अंगात मरून रंगाचा स्वेटर आणि त्या स्वेटरच्या खिशात कायम खडूचा तुकडा. मी तिला फायली दाखवल्या, हजेरीची वही दाखवली, कपाट उघडून कपबशा दाखवल्या. प्रत्येक कपाच्या बुडाशी मी लाल ऑइलपेंटने 'वि. कें.' असं लिहिलेलं होतं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, आता विचारेल व्याख्यानाला कुणाला बोलवायचं. तिने विचारलं,

"बाई, इथं ऊन कुठनं येतं?"

"हॉलच्या खिडक्या उत्तरेला आहेत," मी म्हणाले.

"म्हणजे येत नाय," ती म्हणाली, आणि बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर अंगणाच्या फरशीवर खडूने तीन रेघा. एकीवर नऊ, दुसरीवर दहा, तिसरीवर अकरा. ऊन जिथे जिथे सरकत जायचं तिथे तिथे ती खुर्च्या सरकवायची. "आमच्याकडं थंडीत माणसं घरात नाय बसत," एवढंच म्हणाली. पहिल्या दिवशी चार म्हातारे नऊच्या रेघेवर आले आणि अकराच्या रेघेपर्यंत खुर्च्या ओढत गेले. आठवड्याभरात त्या रेघांवर जागा धरायला लोक पिशव्या ठेवू लागले. अकरा वर्षं मी याच माणसांना डिसेंबरच्या थंडीत गार हॉलमध्ये शाली पांघरून बसवलं होतं आणि वर त्यांना भाषणं ऐकवली होती. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही, याचा मला स्वतःचा राग यायला हवा होता. मला तिचा आला.

तिची काम करायची एक तऱ्हा होती. ती काहीही विकत आणायची नाही. मंडळाने दिलेले पैसे तसेच पडून असायचे. काही कमी पडलं की स्वेटरच्या बाह्या वर सारायची आणि म्हणायची, "बघू, कोणाकडं असेल?" मग संध्याकाळी चपला घालून कॉलनीत निघायची. या घरातून शेगडी, त्या घरातून चटई, कुणाचा कॅरम, कुणाचा कुकर, कुणाच्या गेलेल्या सासऱ्यांची आरामखुर्ची. पत्रिका नाही, फलक नाही. आभार तर ती कधीच मानायची नाही. वस्तू काखेत मारून एवढंच म्हणायची, "येऊन बघा, नीट वापरतो का नाय ते." आणि लोक येऊन बघायचे! ज्याची शेगडी तो शेगडीपाशी उभा, ज्याची चटई ती चटईच्या टोकाशी. मी एकदा तिला टोकलं की मंडळ पैसे देतंय तर घे ना विकत. ती म्हणाली, "विकत आणलेल्या वस्तूला बघायला कोण येतं बाई?" मला हे उत्तर आवडलं होतं. म्हणूनच मी ते घरी कुणाला सांगितलं नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला जगताप राहतात. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, एकटे. गाडी लावण्याच्या जागेवरून चार वर्षांपूर्वी भांडण झालं तेव्हापासून त्यांनी सगळ्या कॉलनीशी बोलणं टाकलं होतं. दूधवाल्याशीसुद्धा खुणेने बोलायचे. मंगलाला संध्याकाळी बॅडमिंटन सुरू करायचं होतं आणि सहाला अंधार पडायचा. जगतापांच्या गच्चीवर एक मोठा हॅलोजन दिवा आहे एवढं तिला कळलं. ती गेली आणि पाच मिनिटांत दिवा घेऊन आली. कसं जमवलंस म्हणून सगळ्यांनी विचारलं तर म्हणाली, "मागितला." दुसऱ्या संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला जगताप स्वतः हजर. "याला हात लावू नका कुणी, वायर जुनी आहे," हे चार वर्षांतलं त्यांचं पहिलं वाक्य. मग रोज सहाला ते दिवा लावायला यायचे आणि साडेसातला बंद करायला थांबायचे. मधल्या वेळात करणार काय? फूल आत पडलं की बाहेर यावरून लोकांशी भांडायला लागले. पंधरा दिवसांत ते पंच झाले होते.

आणि शिंद्यांच्या दोन जावा. यांची कथा कॉलनीत पोरंटोरंही सांगतात. घरं वेगळी झाली तेव्हा सगळ्या भांड्यांची वाटणी झाली, आणि सासूच्या पाटा-वरवंट्यावर गाडी अडली. कुणीच सोडेना. शेवटी थोरलीने पाटा नेला आणि धाकटीने वरवंटा. सहा वर्षं एकीच्या गॅलरीत नुसता पाटा आणि समोरच्या गॅलरीत नुसता वरवंटा, आणि दोघी मिक्सरवर चटण्या करत होत्या. मंगलाने डिसेंबरात एका सकाळी उन्हात ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करायचं काढलं. थोरलीकडून पाटा मागितला. धाकटीकडून वरवंटा मागितला. दोघींना सांगितलं, येऊन बघा नीट वापरतो का ते. दोघी आल्या, एकमेकींकडे पाठ करून बसल्या. मंगला वाटायला बसली ती अशी वेडीवाकडी की शेंगदाणे अंगणभर उडाले. थोरलीला राहवेना. "अगं, असं नाही, आडवा धर!" धाकटी म्हणाली, "आडवा धरून सासूबाईंनी तरी कधी वाटलं होतं का?" तिथून जे सुरू झालं ते तासभर चाललं. जुनं नवं सगळं निघालं. मीठ जास्त झाल्याचा आरोप दोघींनी एकमेकींवर केला. समेट वगैरे काही झाला नाही. पण दुसऱ्या दिवशी भांडायला त्या दोघी पुन्हा दहाच्या रेघेवर होत्या. मंगलाला वाटता येत नव्हतं हे मी मात्र मानत नाही. पाड्यावरची बाई, तिला पाट्यावर वाटता येत नाही? तोंडावर हात ठेवून हसत होती, ते मी पाहिलं.

असं नाही की तिच्यात खोट नव्हती. वह्या कोऱ्या, टपाल न फोडलेलं, किल्ली रोज नव्या जागी. भांडी परत देताना तर तिचा हमखास घोळ व्हायचा. एकीचं झाकण दुसरीकडे, दुसरीचे चमचे-डाव तिसरीकडे. मग बायका झाकणं हातात घेऊन या दारातून त्या दारात. "हे तुमचं का हो?" असं करत चहा व्हायचे. हा घोळ चुकून व्हायचा की मुद्दाम, हे मला आजही माहीत नाही. माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, वस्तू राहत. जगताप 'हॅलोजनवाले काका', थोरल्या शिंदे 'पाट्याच्या काकू', आमचे हे 'कॅरमवाले काका', कारण यांनी मला न विचारता कॅरम नेऊन दिला होता.

मी नुसती 'बाई'.

इथे माझ्या दुखण्याचं मूळ होतं. महिना उलटला, दीड महिना झाला, कॉलनीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातून तिने काही ना काही मागून नेलं. माझ्याकडे एकदाही मागितलं नाही. मी रोज केंद्रात जात होते. लक्ष ठेवायला म्हणा, जळायला म्हणा, पण जात होते. नऊला जाऊन अकराच्या रेघेपर्यंत बसत होते. माझ्यासमोर ती म्हणायची, "बघू, कोणाकडं असेल?" आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे बघायची. माझ्याकडे काय नव्हतं? माहेरची भली मोठी पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी आहे, तीस माणसं बसतील अशी. मी ती माळ्यावरून काढली, दोन दिवस गच्चीवर ऊन दिलं, झटकली आणि बैठकीच्या खोलीत दिवाणावर घडी करून ठेवली. दारातून आत आलं की पहिली तीच दिसावी अशी. मग मंगलाला चहाला बोलावलं. ती आली. चहा प्यायली, चिवडा खाल्ला, सतरंजीला टेकून बसली. मी म्हणाले, "खाली बसायला लोकांना त्रास होत असेल ना गं? आमच्याकडे ही आहे." तिने सतरंजीवरून हात फिरवला. "छान आहे," म्हणाली. "असू द्या बाई, तुमची तुमच्याकडं." ती गेल्यावर हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, "अजून थोडी झटक. अंगणापर्यंत आवाज गेला नसेल." मी त्या दिवशी यांना दुपारचा चहा दिला नाही.

जानेवारी लागला. भोगीला सगळ्या कॉलनीचं जेवण करायचं असं मंगलाने ठरवलं होतं आणि त्यासाठी वस्तू गोळा होत होत्या. एका सकाळी समोरची नवीन भाडेकरू, तीन आठवड्यांपूर्वी राहायला आलेली, दोन्ही हातांत परात घेऊन माझ्या फाटकावरून मिरवत गेली. "मंगलताईंनी मागितलीय!" मला सांगून गेली. मी घरात आले, चष्मा पुसला आणि अध्यक्षांना पत्र लिहिलं. 'केंद्रात नागरिकांच्या खासगी वस्तू कोणत्याही नोंदीविना आणण्यात येत असून त्या परत मिळण्याबाबत अनिश्चितता आहे,' वगैरे. अक्षर माझं मोत्यासारखं आहे. त्या पत्रातला शब्द न् शब्द खरा होता आणि ते सगळं पत्र निव्वळ मत्सराचं होतं.

पाटणकर सरळ माणूस. त्यांनी मंगलाकडे यादी मागितली. यादी नव्हतीच. मग ते मला म्हणाले, "बाई, तुमच्याइतकं शिस्तीचं कुणी नाही. तुम्हीच घरोघर जाऊन पाहणी करा, कुणाचं काय गेलं आणि काय परत आलं."

झालं. मी नवी वही घेतली आणि निघाले. अकरा वर्षं मी या घरांमध्ये पत्रिका टाकल्या होत्या, फाटकाच्या आत फारशी कधी गेले नव्हते. आता प्रत्येक दारात लोक बसा म्हणत होते, मी बसत होते. कुणाचं काही गेलेलं नव्हतं. थोरल्या शिंदे म्हणाल्या, "पाटा राहू दे हो तिकडेच. घरी आणला तर भांडू कुणाशी?" कुणी म्हणालं आमचं झाकण चांगलं नव्हतंच, बदलून आलेलं बरं बसतं. वही कोरीच राहत होती आणि माझी चिडचिड वाढत होती.

शेवटचं घर जगतापांचं. त्यांनी स्वतः चहा केला, साखर जास्त झाली म्हणून स्वतःलाच रागावले. दिवा आहे, व्यवस्थित आहे, म्हणाले. मग चांगुलपणाने, अगदी सहज त्यांनी विचारलं, "आणि बाई, तुमचं काय आहे तिकडे?"

मला 'काही नाही' म्हणता आलं नाही. सगळ्या कॉलनीचं काही ना काही तिथे होतं. ज्या माणसाने चार वर्षं कुणाशी शब्द बोलला नाही त्याचंही होतं. कॅरम होता तो यांचा; माझं काही नव्हतं, हे मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

"माझी सतरंजी आहे ना," मी म्हणाले. "माहेरची."

"परत आली?"

आली म्हणावं तर ते दुसऱ्या दिवशी तिला विचारतील, केव्हा दिली होतीत म्हणून. मी म्हणाले, "नाही अजून." ते माझ्या वहीकडे बघत होते. मग मला ते लिहावंही लागलं. सतरंजी, एक, देवरे, म्हणजे मी. सगळ्या वहीत तेवढी एकच नोंद झाली.

संध्याकाळी हॉलमध्ये बैठक होती. पाच-सात माणसं, पाटणकर आणि मंगला. पाटणकरांनी वही उघडली आणि मोठ्याने वाचलं. मी शिवणीकडे बघतात तसं माझ्या पदराच्या काठाकडे बघत बसले. जरा वेळाने मी मंगलाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे. एखाद्या मुलीने चुकीचं उत्तर लिहिलं की मी वर्गात जशी तिच्याकडे बघायचे, तसं काहीसं. मग ती म्हणाली, "असेल साहेब. बाई खोटं कशाला बोलतील? माझ्याकडनंच कुठं गेली असेल. मी भरून देते."

पाटणकरांनी वही मिटली. "वस्तू हरवते म्हणजे गंभीर आहे," ते म्हणाले. "कायम करायचं की नाही याचा मग फेरविचार करावा लागेल."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. घरी आले तेव्हा हे बैठकीच्या खोलीत होते. बातमी यांच्यापर्यंत माझ्याआधी पोचली होती. दिवाणावरच्या घडीकडे बोट दाखवून म्हणाले, "मग ही कोणती?" मी आत गेले. हे माझ्या मागे स्वयंपाकघरात आले आणि आपल्या आईच्या बोलीत, सटाण्याकडच्या, जी हे फक्त आजारपणात बोलतात, हळूच म्हणाले, "तुले काय व्हयनं वो?" मला रडू आलं, पण मी कांदा चिरायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगला दारात. काखेत एक गोधडी, जुन्या लुगड्यांची, हाताने टाके घातलेली. "तशी सतरंजी नाय मिळाली बाई. ही माझ्या आईची आहे. चालेल का?"

"आत ये," मी म्हणाले. सतरंजी दिवाणावरच होती. लपवायचं मला सुचलं नव्हतं, की मला लपवायची नव्हती, कोण जाणे. "ही बघ," मी म्हणाले. "तू नेलीच नव्हतीस."

"माहीत आहे ना. मी चहाला आले तेव्हा इथंच टेकून बसले होते."

"मग बोलली का नाहीस काल?"

"सगळे बसले होते बाई. तुम्ही तिथं खोट्या पडल्या असत्या तर परत केंद्रात आल्या असत्या का?"

"आणि तुझी नोकरी?"

"हां," ती म्हणाली आणि थोडा वेळ गोधडीच्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिली. "त्याचं वाईट वाटलं. आवडतं मला इथं."

मग मी जे विचारलं ते या वयात विचारायची मला लाज वाटते, पण विचारलं. "सगळ्यांकडे मागितलंस. परवा आलेल्या भाडेकरणीकडेसुद्धा. माझ्याकडेच का नाही मागितलंस काही?"

तिला खरंच नवल वाटलं. "तुमच्याकडं? तुम्ही तर रोज येता बाई! जो येत नाय त्याच्याकडं मागायचं. येणाऱ्या माणसाकडनं काय मागायचं?"

तिने गोधडीची घडी सारखी केली आणि काखेत मारून ती परत घेऊन गेली. आता तिची गरज नव्हती, बरोबरच होतं. पण खरं सांगते, ती गोधडी परत गेली याचंही मला जरा वाईट वाटलं.

मी तशीच पाटणकरांकडे गेले. सगळं सांगितलं आणि पत्र परत मागून घेतलं. ते म्हणाले, "चुका होतात बाई, मी कुणाला बोलणार नाही." ते खरंच कुणाला बोलले नाहीत, फक्त बायकोला बोलले. संध्याकाळपर्यंत भाजीवालीलाही ठाऊक झालं होतं.

मंगला कायम झाली. मी केंद्रात जायचं बंद केलं.

भोगीच्या दिवशी मी घरातच होते. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा वास खिडकीतून येत होता, शिंद्यांच्या जावांचा आवाज तर गल्लीभर येत होता. हे जेवून आले. मला वाटलं, मंगलाने यांच्याबरोबर ताट धाडलं असेल. यांच्या हातात काहीच नव्हतं. "मी म्हटलं तिला, बाईंचं ताट बांधून दे," हे म्हणाले. "ती म्हणाली, नाय काका, बाईंचं इथं वाढून ठेवते. तीन वाजेपर्यंत झाकून ठेवलं होतं तिने." मी विचारलं, "मग?" हे म्हणाले, "मग काय, जगतापांनी खाल्लं."

संक्रांत गेली. तिळगूळ द्यायला बायका माझ्याकडे आल्या, मी कुणाकडे गेले नाही. सकाळी नऊ वाजले की मला बेचैन व्हायचं. दहाला मी देवघरातली भांडी पुन्हा घासायला काढायचे. कुणी काही म्हणत नव्हतं, तेच सोसवत नव्हतं. मला वाटायला लागलं की आता आपण कधीच त्या फाटकातून आत जाणार नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मला तिथे खरोखर जावंसं वाटत होतं.

त्यानंतरही मंगलाला मी पुष्कळदा पाहिलं. ती आमच्याकडे आणखी एक हिवाळा होती. तिला निरोप दिला तेव्हाही मी पुढच्याच रांगेत होते. पण तिची म्हणून माझ्या डोळ्यांसमोर येते ती त्या पहिल्या वर्षीची रथसप्तमीच्या आदल्या दिवसाची सकाळ. मी अंगणात सूर्यासाठी रांगोळीची जागा सारवून पाहत होते. फाटक वाजलं. मरून स्वेटर, बाह्या वर सारलेल्या.

"बाई," ती म्हणाली, "जरा एक चाळणी हवी होती. तुमच्याकडं असेल का?"

केंद्राच्या कपाटात दोन चाळण्या आहेत. मीच आणलेल्या, दोन्हींच्या काठावर लाल रंगाने वि. कें. लिहिलेलं आहे, आणि ती ते कपाट रोज उघडते. मला ते ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. मी आत गेले. हात ओले होते ते पुसले, नाक पुसलं, आणि घरातल्या तीन चाळण्यांपैकी सगळ्यात चांगली निवडून तिच्या हातात दिली.

"येऊन बघा," ती म्हणाली, "नीट वापरतो का नाय ते."

"येईन," मी म्हणाले. "उद्या नऊला."

ती चाळणी काखेत मारून चालू लागली. मी फाटकाला धरून तिच्या पाठमोऱ्या स्वेटरकडे बघत राहिले. चार घरं पुढे गेली आणि थांबली. डावीकडच्या फाटकाची कडी वाजवली. आतून कुणीतरी बाहेर आलं. ती मान वाकडी करून त्यांच्याशी काही बोलत होती, हसत होती, आणि माझ्या पोटात पुन्हा दुखायला लागलं. त्यांच्याकडे ती काय मागते आहे ते ऐकायला मी चपला न घालताच रस्त्यावर आले.